सगळ्यांची हजेरी

१४ जून

प्रिय ताई,

पत्रास कारण तुझा हुकूम. "फोनवर तू सफाईने थापा मारतोस छोट्या, कागदावर मारायच्या म्हटल्या की तुझा हात दुखतो. तेव्हा पोरीची खबर मला पत्रानेच हवी." सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारी आता तू एकटीच उरलीस, म्हणून ऐकतो.

खारू रुळली. पुढचे दोन दात पुरते आले आहेत, त्यामुळे टोपणनाव आणखीच शोभतं. तुझ्या भावजयीशी तिचं गूळपीठ जमलंय. दोघी मिळून माझ्या घोरण्याची नक्कल करतात. आई वर्षभराच्या प्रशिक्षणाला, बाप बोटीवर आणि आपण मामाकडे, याचं तिला काही वाटत असलं तरी ती दाखवत नाही. रविवारी तुझ्याशी फोनवर बोलून झालं की मात्र तासभर खिडकीत बसते.

आता बातमी. तुझा भाऊ फुटबॉलचा प्रशिक्षक झाला. हसून घे. खेळाच्या शिक्षकांची पाठ धरली, ती अशी की सोडायलाच तयार नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना कोण बघणार, असा प्रश्न मुख्याध्यापिकाबाईंना पडला आणि चार वाजता रिकामा असणारा, तक्रार न करणारा माणूस त्यांना सबंध शाळेत एकच सापडला. एकवीस वर्षं मी तिथे परीक्षानळ्या धुतोय. मुलं 'लॅबवाले काका' म्हणतात. पहिल्या दिवशी मैदानावर एक कार्टं ओरडलं, "सर, बॉल द्या ना!" मी मागे वळून पाहिलं, कोण सर आले म्हणून.

मी पुस्तक आणलं, व्हिडिओ पाहिले. सगळे जाणते एकच सांगतात, मुलांना रांगेत उभं करून भाषण देऊ नका, खेळातून शिकवा. म्हणून मी रंगाचे चार रिकामे डबे ठेवून चौकोन केला. बारा मुलं आत, प्रत्येकाच्या पायाशी चेंडू. आपला चेंडू पायानेच चुचकारत, अंगाजवळ ठेवत फिरायचं आणि संधी मिळाली की दुसऱ्याचा बाहेर उडवायचा. ज्याचा उडाला त्याने बाहेर जाऊन चेंडूला दहा वेळा तळपाय लावायचा आणि परत आत यायचं. यालाच ड्रिब्लिंग म्हणतात हे त्यांना कळतही नाही. लांबटांग्या नावाचा एक मुलगा आहे, तो तर चेंडू पायाला बांधल्यासारखा फिरतो.

खारूची स्वतःची अशी शैली आहे.

तुझा,
छोट्या (मैदानावर: सर)


२ जुलै

छोट्या,

'स्वतःची अशी शैली' म्हणजे काय रे? आमच्या नवजात बाळांच्या वॉर्डात एखादं बाळ रडलं नाही की शिकाऊ डॉक्टर असंच म्हणतो, "शांत स्वभावाचं दिसतंय." आणि मग आमची पळापळ.

तुला एक सांगितलं नव्हतं. आधीच्या शाळेत खेळाच्या तासाला तिला पाण्याच्या बाटल्या राखायला बसवायचे. दोन वर्षं! मला कळलं कसं, तर कुणाची बाटली कोणती हे तिला तोंडपाठ होतं. मी शाळेत जाऊन तणतणले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, तिला आवडतं ते." पुढे खेळाचा तास आला की हिचं पोट दुखायला लागलं. मी नर्स ना, मला वाटायचं जंत असतील. पोरीला दोनदा औषध पाजलं मी, छोट्या.

ती हरू दे, पडू दे, ढोपरं फोडून घेऊ दे. फक्त तिला कडेला उभी ठेवू नकोस. तुझ्याकडून एवढं एकच हवंय.

आणि 'मजेत आहे', 'रमली आहे' असलं काही लिहू नकोस. तू प्रयोगशाळेतला माणूस, मला आकडा दे. अर्ध्या तासाच्या खेळात तिचा पाय चेंडूला किती वेळा लागतो?

ताई


९ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मोजलं. अर्ध्या तासात तीन. त्यातला एक तिच्या पाठीला लागला होता, तो मी मामा या नात्याने धरला.

चौकोनाच्या खेळात तिचा चेंडू सगळ्यांत आधी बाहेर जायचा. दहा तळपाय लावून ती आत यायची, की पुन्हा बाहेर. चार विरुद्ध चारच्या सामन्यात तर तिच्याकडे चेंडू यायचं कारणच नव्हतं. मुलं दुष्ट नाहीत गं, त्यांना फक्त जिंकायचं असतं.

मी रात्रभर डोकं खाजवलं आणि एक नियम काढला. नाव: सगळ्यांची हजेरी. संघातल्या चारही जणांचा पाय चेंडूला लागल्याशिवाय गोल धरायचा नाही! एकाची जरी हजेरी राहिली, तरी गोल बाद. पासिंग शिकवायला याहून सोपी युक्ती मला कुठल्या पुस्तकात दिसली नाही. पहिल्या दिवशी लांबटांग्याने एकट्याने पळवून तीन गोल मारले. तिन्ही बाद. तो मातीत बसून भोकाड पसरून रडला. चौथ्या वेळी आपणहून मागे आला आणि म्हणाला, "खारू, हजेरी लाव."

तेव्हापासूनचे आकडे देतो. पहिल्या आठवड्यात अकरा, दुसऱ्या आठवड्यात सव्वीस. काल अर्ध्या तासात एकेचाळीस. होय, एकेचाळीस! लांबटांग्याचे तेहेतीस. सबंध मैदानात तिच्याइतका चेंडू कुणाच्याच पायाला लागला नाही. मी दोनदा मोजलं, वहीत रेघा आहेत.

मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यातून बघत होत्या. खाली येऊन म्हणाल्या, "वा, सर!" ताई, एकवीस वर्षांत त्या बाईंनी मला नावाने हाक मारली असेल चारदा, तीही काहीतरी फुटलं म्हणून.

छोट्या


२१ ऑगस्ट

छोट्या, माझ्या राजा,

एकेचाळीस! मी ते पत्र जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचलं. आमच्या मोठ्या सिस्टर कुणाला शाबास म्हणत नाहीत, बाळ जन्माला आलं तरी नाही. त्यासुद्धा म्हणाल्या, "एकेचाळीस म्हणजे पुष्कळ की." रविवारी फोनवर खारूला म्हटलं, "एकेचाळीस गं माझी बाय," आणि मला रडूच आलं. ती म्हणाली, "हो आई." एवढंच. लाजली असेल.

चेंडू आल्यावर ती काय करते, ते पुढच्या पत्रात लिही. मला ते डोळ्यांसमोर आणायचंय.

ताई


६ डिसेंबर

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. शाळेत पालक दिनाची धामधूम होती. त्यात आमच्या 'सगळ्यांच्या हजेरी'चं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. मंडपावर फलक होता, 'प्रत्येक मूल महत्त्वाचं'. त्यातला 'मूल' हा शब्द जरा बारीक आला होता, कारण पेंटरने 'महत्त्वाचं'पासून सुरुवात केली होती.

प्रात्यक्षिक फक्कड झालं. खारूच्या संघाने नऊ गोल मारले, सगळे कायदेशीर. पाहुणे सिमेंटचे मोठे व्यापारी. त्यांनी विचारलं, "सगळे जिला चेंडू देतात ती मुलगी कोण?" बाई म्हणाल्या, "तीच आमच्या संघाचा आधार." मला नारळाएवढं काहीतरी काचेचं बक्षीस मिळालं. त्याला कपाटात जागा नाही, म्हणून तुझ्या भावजयीने त्यावर टोपी वाळत घातली आहे.

तू फोनवर खारूजवळ बोललीस तो तिच्या खेळाचा दाखला सोबत जोडला आहे, एकेचाळीसच्या आकड्यासकट. बाईंचा शिक्का आहे, खाली 'प्रशिक्षक' म्हणून माझी सही आहे. तुमच्याकडच्या त्या फुटबॉल केंद्रात निवड चाचणीला असा कागद लागतोच का? नाही, आपलं विचारलं.

चेंडू आल्यावर ती काय करते, असं तू मागे विचारलं होतंस. ती पास देते. अचूक देते. एकही चुकत नाही.

इकडे सर्व ठीक.

छोट्या


२० डिसेंबर

छोट्या,

कागद लागतोच. एप्रिलमध्ये खारू माझ्याकडे येईल, त्याच महिन्यात चाचणी आहे. इथलं मुलांचं केंद्र नावाजलेलं आहे. तीस जागा आणि अर्ज तीनशे. मला धीर झाला नसता, पण तुझा आकडा बघून अर्ज भरून टाकला. 'खेळाडूचं वैशिष्ट्य' या रकान्यात लिहिलं: 'मधल्या वर्तुळात खेळते. संपूर्ण संघ हिच्यावर अवलंबून.'

मधल्या वर्तुळाचं तू कधी बोलला नाहीस, मला ते खारूच्या चित्रावरून कळलं. तिने पाठवलेलं चित्र मी वॉर्डाच्या दारावर डकवलंय. सगळी मुलं इकडेतिकडे धावताहेत आणि मध्ये वर्तुळात ही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, खेळ जिथून सुरू होतो ती जागा महत्त्वाच्या खेळाडूलाच देतात. त्यांना खेळातलं कळतं, त्यांचा भाऊ पंच होता.

तुझं पत्र मात्र फार सुतकी वाटलं. तब्येत बरी ना?

ताई


१७ जानेवारी

ताई,

तब्येत बरी आहे. माणूस बरा नाही.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पहिल्या तिन्हीत विनोद होते.

ते मधलं वर्तुळ नाही. मैदानाच्या कडेला, गोलपासून दहा पावलांवर, मी स्वतः चुन्याने आखलेलं एक कडं आहे. डब्याच्या झाकणाएवढं नाही, पण दोन पावलं टाकली की संपतं. त्यात खारू उभी राहते.

झालं असं. नियम काढल्यावर आठवडाभरातच मुलांना त्यातली पळवाट सापडली. तिला पास दिला आणि ती धावली, की चेंडू जायचा. म्हणून ते तिच्याजवळ चेंडू आणायचे, तिच्या बुटाला टेकवायचे आणि ज्याने आणला त्याच्याचकडे तिने तो परत ढकलायचा. हजेरी लागली, चला पुढे. सरकारी ऑफिसात साहेबाच्या टेबलावर कागद असाच फिरतो. साहेबाने वाचायचा नसतो, सही करायची असते. मला हे दिसत होतं. मी मोजत होतो ना, मला दिसणार नाही तर कुणाला? प्रत्येक टेकवण्याला मी वहीत एक रेघ मारत होतो.

तरीही इतपत मी पोटात घालून टाकलं असतं. पालक दिनाच्या आधी तालमीत गोंधळ झाला. खारू जागा सोडून चेंडूमागे निघाली, मुलांना ती वेळेवर सापडेना, दोन गोल बाद झाले. बाई व्हरांड्यातून म्हणाल्या, "सर, त्या दिवशी असं नको व्हायला." तेव्हा मी चुना आणला, कडं आखलं आणि तिला म्हटलं, "बेटा, तू इथून हलायचं नाही. तुझं काम सगळ्यांत महत्त्वाचं आहे." हे माझेच शब्द. तिने विचारलं, "अजिबात नाही?" मी म्हटलं, "अजिबात नाही."

एकेचाळीस स्पर्श खरे आहेत, ताई. त्या एकेचाळीस स्पर्शांत ती एक पाऊलही चालली नाही.

आता परवाचं. शेजारच्या शाळेशी सामना होता, साधा, नेहमीच्या नियमांचा. मी तिला उतरवलं, कारण दाखला देऊन बसलो होतो. ती आत गेली, कडेला आपली जागा शोधली, खाली वाकून पाहिलं आणि लांबून मला ओरडून विचारलं, "सर, आज आखलं नाही?" मी हातानेच 'खेळ खेळ' केलं. ती टाचेने मातीत एक रेघ ओढून तिथेच उभी राहिली. खेळ तिच्या अवतीभवती चालला होता. मग समोरच्या संघातल्या एका मुलाचा पास चुकला आणि चेंडू हिच्या पायाशी आला. तिने नीट तळपायाने अडवला, मान वर केली आणि ज्याच्याकडून आला त्यालाच परत दिला. शिकवलं होतं तस्संच. तो गोल मारून मोकळा झाला.

आमची मुलं ओरडली, "ए हजेरी, त्याला काय देतेस!" तिचं नाव हेच पडलंय, ते मला तेव्हा कळलं. पालक हसले. आणि ताई, मीही हसलो. क्षणभरच, पण तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं होतं.

जे करू नकोस असं तू विनवलं होतंस, नेमकं तेच मी केलं. कुणी 'सर' म्हणावं म्हणून.

चाचणी एप्रिलमध्ये आहे. त्या दाखल्यावर ती गेली तर तीनशे मुलांसमोर काय होईल, ते मी परवा पाहिलं. काय करू, सांग. शिव्या द्यायच्या असतील तर आधी दे.

छोट्या


२ फेब्रुवारी

शिव्या द्यायला बसले होते. दोन पानं भरली. मग दारावरचं चित्र काढून आणलं आणि नीट बघितलं.

वर्तुळ मध्ये नाहीच आहे. कागदाच्या कडेला आहे, अर्धं तर बाहेर गेलंय. आणि त्यातल्या मुलीला पाय काढलेले नाहीत. बाकी सगळ्यांना आहेत, हिचा झगा थेट रेघेवर टेकलाय. दीड महिना मी ते रोज बघत होते. मी जन्मून अर्धा तास झालेल्या बाळाचा रंग बघून सांगते, ह्याला काहीतरी होतंय. आणि माझ्याच पोरीच्या चित्रात मी मला हवं ते बघत होते. सतरा बायकांना दाखवलं मी ते. 'हो आई' एवढंच म्हणाली तेव्हासुद्धा मी 'लाजली' असं ठरवून टाकलं. एकेचाळीस हा आकडा इतका गोड होता रे, की पुढचं काही विचारावंसं वाटलंच नाही.

तेव्हा मी तुझ्याहून फार शहाणी आहे असं नाही. पण चुना तू आखलास, तो मी आखला नाही. हे मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस.

दाखला केंद्रात जाऊन परत मागून आणला. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "का हो, आकडा चुकला का?" म्हटलं, "नाही, आकडा बरोबर आहे. बाकीचं सगळं चुकलंय." अर्ज राहू दिलाय. जायचं की नाही ते तिला ठरवू दे.

आता तू दोन गोष्टी करायच्या. मैदानावर मुलांसमोर सांगायचं, की चूक तुझी. आणि घरी तिला एकटीला सांगायचं. माफी मागताना 'बेटा' म्हणायचं नाही. बेटा म्हणून तू एकदा काम काढून घेतलंयस.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

केलं. जसं झालं तसं लिहितो.

मैदानावर बाराही मुलांना बसवलं आणि म्हटलं, "हजेरीचा नियम मी काढला होता तो तुम्हाला पास द्यायला शिकवण्यासाठी. पण मी त्यातून खारूला एका जागी उभं करून ठेवलं. हे चुकीचं होतं आणि चूक माझी आहे." लांबटांग्याने हात वर केला. "पण सर, मग आम्ही नऊ गोल मारले ते?" म्हटलं, "ते बाद." त्याला ते माझ्या पापाहून जास्त लागलं. संघात दोन जुळे भाऊ आहेत, त्यातला एक म्हणाला, "आम्ही तर तिला आधीच सांगितलं होतं, हलू नको म्हणून. तुम्ही नंतर आखलंत." मुलं तुमची लाज झाकत नाहीत, ताई. तारीखवार मांडतात.

मग नवा खेळ घेतला. मैदानात जागोजागी दोन-दोन डब्यांची दारं केली. ज्याच्याकडे चेंडू येईल त्याने तो पायाने घेऊन आधी एका दारातून जायचं, मगच पास द्यायचा. उभं राहून चालतच नाही. खारूचा चेंडू पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी गेला. मुलं कुरकुरली, "सर, हिच्यामुळे हरतोय." मी म्हटलं, "हरा."

बाई बोलावून म्हणाल्या, मार्चमध्ये तपासणीला साहेब येणार आहेत, ते प्रात्यक्षिक पुन्हा ठेवू, किती सुंदर दिसायचं. ही मुलगी उभी राहणार नसली तर दुसरं कुणीतरी उभं करा. मी म्हटलं, आता कुणालाच उभं करणार नाही. त्या म्हणाल्या, "पण काका..." एका क्षणात पदावनती झाली. बरंच वाटलं मला, पण आपण मोठं काही केलं असंही वाटून घेतलं नाही.

खारूशी बोलायला मात्र मला आणखी पाच दिवस लागले. परवा ती मागच्या पायरीवर बसून बुटातला चिखल काडीने काढत होती. मी शेजारी बसलो आणि तू सांगितलंस तसं सरळ सांगितलं. कडं, वही, दाखला, माझं हसणं, सगळं. तिने काडी थांबवली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"ते मला खरं खेळवत नाहीत हे. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस गं?"

तिने दुसरा बूट घेतला. मग म्हणाली, "तू मोजत होतास ना. प्रत्येक वेळी वहीत रेघ मारून मान हलवायचास, खूश होऊन. आणि आई फोनवर रडली. वाईटातलं नाही, चांगलं रडली. मला वाटलं, उभं राहून तुम्ही दोघं एवढे खूश होता, तर राहते उभी."

ताई, मी आजवर समजत होतो की आपण दोघं तिला सांभाळतोय.

मी तिच्या बुटाकडे हात केला, म्हटलं, मी काढतो चिखल. ती म्हणाली, "नको, माझा आहे."

चाचणीला यायचंय म्हणते. चेंडू जाईल हे तिला ठाऊक आहे. दाखला नको म्हणते. अट एकच घातली आहे आणि ती मी तुला जशीच्या तशी कळवतो: "आईने बाहेर थांबायचं. तू तर येऊच नकोस. आणि घरी आल्यावर कुणी मला किती वेळा ते विचारायचं नाही."

मी गाडीत बसवून देईन. पुढचं तू बघ. म्हणजे, बघू नकोस.

छोट्या


१९ एप्रिल

छोट्या,

केंद्राच्या भिंतीबाहेर बाकावर बसून लिहितेय. पर्स मांडीवर, तिच्यावर कागद, म्हणून अक्षर असं. खारू पावणेदहाला आत गेली. फाटकाशी मी तिच्या शर्टाची कॉलर नीट करायला गेले, तर तिने माझा हात धरून बाजूला केला. रागाने नाही. आमच्याकडे शस्त्रक्रियेआधी मोठे डॉक्टर नातेवाइकांना बाजूला करतात तसा.

भिंत पुरुषभर उंच आहे. एका जागी दोन विटा निघाल्यात, तिथे बायकांची रांग लागलीय. एका आजोबांनी आतल्या नातवाला बघायला घडीचं स्टूल आणलंय. स्टूल घेतलं तर दिसेल, असं ते मला दोनदा म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं, माझं मूल आत नाहीच.

शिट्टी झाली. आता आतून नुसते आवाज येताहेत. कुणीतरी "दे, दे" ओरडतंय. कुणीतरी पडलं. कुणीतरी "अगं, दे की!" म्हणालं. 'अगं' म्हटल्यावर मी उठून उभी राहिले, विटांपर्यंत चार पावलं गेले आणि परत आले. आत मुली पुष्कळ आहेत. कुणाला म्हणाले, कोण जाणे.

परत लिहायला बसलेय, साडेअकरा झालेत. ती बाहेर आली आहे. डाव्या ढोपरावरचं कातडं गेलंय, मोज्यापर्यंत रक्त आहे, कोपराला माती. मी पर्समधून कापूस काढला. औषधाच्या बाटलीचं झाकण तिनेच उघडलं. मी काही विचारलं नाही. स्टूलवाल्या आजोबांनी विचारलं, "काय बाळ, झाली का निवड?" ती म्हणाली, "नाही झाली." आणि मग त्यांच्या नातवाकडे वळून म्हणाली, "तू मला दोनदा पाडलंस."

तो म्हणाला, "तू चेंडू सोडतच नव्हतीस."

दोघं आता नळावर भांडताहेत. मी ऐकत नाहीये.

ताई